तिसरी खाट

नवऱ्याला जाऊन वर्ष झालं, तशी वहिनी धाकट्या नणंदेला घेऊन पायी यात्रेला निघाली. लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता त्याची ही यात्रा राहूनच गेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी चहावाल्याने न विचारताच एक कप बिनसाखरेचा दिला.

"मघाशी एक गृहस्थ सांगून गेले. मागून दोघी येताहेत, थोरलीला साखर चालत नाही म्हणाले."

"असेल कुणी भला माणूस," नणंद म्हणाली. पण ओळख ना पाळख, साखरेचं त्याला कसं ठाऊक?

दुपारी वळणावरचा चपला शिवणारा सुईत दोरा ओवूनच बसला होता. "डाव्या चपलेचा अंगठा तुटणार, असं तुमचे ते म्हणाले."

"धडधाकट आहे की!" वहिनी हसली, आणि पुढच्याच पावलाला अंगठा तटकन तुटला.

त्यानंतर वहिनी अशी झपाझप चालू लागली, की नणंदेला धाप लागली.

ऊन उतरताना मुक्काम आला. तिथली बाई दारातच दबक्या आवाजात म्हणाली, "तीन खाटा घातल्यात. तुमचे यजमान केव्हाच येऊन झोपलेत. फार दमले होते."

आतून घोरणं ऐकू येत होतं, मध्येच अडखळून शिट्टी वाजवणारं. नणंदेने वहिनीचा हात घट्ट धरला. "वहिनी, दादाच घोरायचा असा! आत जाऊ नकोस!"

वहिनीने हात अलगद सोडवून घेतला.

"हळू बोला, वन्सं. झोपमोड झाली की चिडतात," असं कुजबुजून ती आत गेली.

घोरणं थांबलं.