फुटबॉलवालं पुस्तक

जिल्ह्याच्या फुटबॉल टीममध्ये भूपेशची निवड झाली, तेव्हा वडिलांनी, गोवर्धनरावांनी, त्याला खोलीत कोंडून ठेवलं होतं. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत.

दोन हजार सहाच्या वर्ल्ड कपच्या दिवसांत गोवर्धनराव पाय मोडून घरी पडले. "काहीतरी मजेशीर आण वाचायला," म्हणाले. भूपेशने केबिन रोडच्या लायब्ररीतून एका फुटबॉलपटूचं आत्मचरित्र आणून दिलं. अर्धं पुस्तक त्यांनी खदाखदा हसत वाचलं आणि मग एका दुपारी भिंतीवर भिरकावलं.

"बापाचंच कौतुक चाललंय! म्हणे पोराला खांद्यावर बसवून मैदानावर न्यायचा. दुसरं आण."

भूपेशने पुस्तक उचललं.



"आणतो, पप्पा. पण ज्याचा बाप तुमच्यासारखा असतो, त्याचं पुस्तक निघत नाही."