दोनदा घासलेली मिशरी

"आ करा, आजी." आरसा तोंडात घालताच दातांची डॉक्टरीण थबकली. "आज मिशरी लावलीत?"

"लावली की! दोनदा घासली. दवाखान्यात यायचं, मग तोंड स्वच्छ नको?"

डॉक्टरीण हसली नाही. "आजी, या तंबाखूनंच हिरड्या सडल्यात. तिथले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचू शकतात. हिरड्या बऱ्या झाल्याशिवाय तुमच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होणार नाही."

हौसाबाईनं चाळीस वर्षं दातांचं औषध म्हणून घासलेली मिशरीच जिवावर उठली होती! घरी जाताच तिनं डबी चुलीत टाकली.

दोन महिन्यांत तीन दात गेले, पण हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं. आज डॉक्टरणीनं कागदावर सही केली. "आता खुशाल ऑपरेशन करून घ्या." हौसाबाईनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

कागद नाचवतच ती बाहेर आली. बाकावर नवरा जीव मुठीत धरून बसला होता, आणि काळजीच्या भरात बोटानं खसाखसा मिशरी घासत होता.

"काय म्हणाली गं?"

हौसाबाईनं त्याच्या हातातली डबी काढून घेतली आणि आतल्या खुर्चीकडं बोट केलं. "माझं झालं. आता तुम्ही बसा."