ओली जमीन

चुलीपाशी शेवटचा हात फिरवून ज्योतीराम उठला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आता बाहेर पडायला वाटच उरली नाही. दारापासून सारवत सारवत तो आत आला होता. पाठीशी भिंत आणि समोर दारापर्यंत सगळी ओली जमीन. काळेवाडीतल्या या घराला दार एकच.

औषधांच्या कंपनीत नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणारा हा गडी, दोन खणांच्या जमिनीपुढं अगदीच बावळट ठरला होता.

शेजारच्या छबूबाईनं त्याला कुंपणापलीकडून सगळं शिकवलं होतं. खड्डे मुरमानं बुजवायचे, पाणी मारून चोपण्यानं ठोकायचे, दोन दिवस वाळू द्यायचं, मग शेणात माती कालवायची, पिठल्याइतकी दाट. आतून सुरुवात करून दाराकडं मागं सरकत यायचं, एवढंच तिनं सांगितलं नाही. बाईमाणसाला ते सांगावं लागत नाही, आणि पुरुषाला सांगावं लागेल हे तिच्या मनातही आलं नसणार. घर बांधल्यापासून ज्योतीराम घरमालक म्हणून मिरवत होता. ते घर रोज कुणाच्या हातानं उभं राहतं, हे बायको कुसुम वारल्यावर त्याला कळलं.

तिला जाऊन तीन महिने झाले होते. चार वर्षांच्या हौसाला सासूबाई शालनबाई चाकणला घेऊन गेल्या, त्या गेल्याच. दोनदा तो लेकीला आणायला गेला आणि दोनदा हात हलवत परत आला. जमीन उखडलीय, धूळ उडते, पोरीला खोकला लागेल, आधी घर नीट करा, असं शालनबाईंचं म्हणणं. आज त्या पोरीला घेऊन स्वतः बघायला येणार होत्या. जमीन मनाला आली तर हौसा इथं राहणार होती, नाहीतर संध्याकाळच्या एसटीनं पुन्हा चाकणला.

तो कोपऱ्यात तसाच उभा असताना शालनबाई दारात आल्या. हौसा त्यांच्या खांद्यावर झोपली होती. त्यांनी जमिनीकडं पाहिलं, मग जावयाकडं. कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात, गुडघ्यावर खोचलेलं धोतर, नाकाच्या शेंड्यालाही शेण. दुसऱ्या कुणी पोट धरून हसून घेतलं असतं.

"मागं सरत यायचं असतं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीनं एवढंबी दाखवलं न्हाई व्हय?"

"तिनं कधी हातच लावू दिला न्हाई, मामी. लोक मला हसतील म्हणायची."

शालनबाई खाली वाकल्या. दाराजवळची जमीन वाळायला लागली होती, तिच्यावर त्यांनी तळहात फिरवला. हाताचे फेर वेडेवाकडे होते, पण खड्डा नव्हता, भेग नव्हती. ज्योतीराम त्यांच्या हाताकडं बघत होता. शेवटी त्याला राहवेना. पोरीला ठेवाल ना, असं त्यानं विचारलं. शिफ्टच्या वेळेपुरती छबूबाईकडं ठेवीन, वेणी घालायला शिकलोय, भाकरीसुद्धा आता फुगते, असं एका दमात सांगून टाकलं.

"जमिनीचं निमित्त होतं," शालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीला अजून कुणी सांगितलं न्हाई. रोज इचारतीया. आई घरी कामात हाय, म्हणून मी दिस ढकलतीया. हितं आणल्यावर काय सांगू तिला? माझं तर तोंडच उघडत न्हाई."

तीन महिने ज्योतीराम या बाईवर मनातून जळत होता, त्याची त्याला लाज वाटली. एकीची लेक आणि एकाची बायको. ओल्या जमिनीच्या दोन टोकांना दोघंही आवाज न करता रडली.

तेवढ्यात हौसा जागी झाली. डोळे नीट उघडायच्या आधीच तिनं नाक वर करून वास घेतला, मग झोप उडून ती आजीच्या अंगावरून घसरत खाली उतरली. धावत आत मात्र गेली नाही. ओल्या सारवणावर पाय द्यायचा नसतो, हे तिला माहीत होतं. उंबऱ्यापाशी थांबून ती बापाकडं बघून हसली.

"आई सारवून हात धुवायला गेली?"

बापाचे माखलेले हात तिच्या समोरच होते. पण सारवण आई करते. त्यात तिला शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

शालनबाईंनी घाईघाईनं तिचा दंड धरला. चल बाय, जमीन वाळल्यावर येऊ, असं त्या म्हणू लागल्या. हौसानं दंड सोडवून घेतला.

"मी न्हाई येत. मी हितंच ऱ्हाणार."

हे ऐकायला ज्योतीराम तीन महिने तळमळला होता. आता ते ऐकून त्यानं शेणाचे हात धोतराला पुसले. शालनबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. आता पोरीला सांगायचं ते त्यालाच होतं.

हौसा घराकडं पाठ करून, आडाच्या वाटेकडं तोंड करून उंबऱ्यावर बसली. ज्योतीरामनं ओल्या जमिनीवर पाय टाकला. मग दुसरा टाकला. तीन-चार दिवसांची मेहनत त्याच्या टाचेखाली खचत होती आणि तो लेकीकडं चालला होता. तो अगदी जवळ आला तेव्हा हौसाला पावलांचा आवाज ऐकू आला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"बाबा, पाय नका टाकू," ती म्हणाली. "आई आली की वरडंल."