लामाराचं कार्ड

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं विब्रननं खिडकीशी बसता बसताच सांगून टाकलं आणि खुर्ची पुढे ओढली.

विब्रनच्या शहरातल्या, लेउवार्डनच्या परवाना कचेरीतल्या आफ्केबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे विब्रनच्या बायकोचं, लामाराचं, रहिवासाचं कार्ड पडलं होतं. मुदत नऊ एप्रिलला संपलेली. आता ऑक्टोबर चालू होता. तीन आठवड्यांसाठी जॉर्जियाला तिच्या माहेरी गेलेलं हे जोडपं तेरा महिन्यांनी परतलं होतं. उशिराचं कारण पटलं, तर जुन्याच कार्डाला पुढची मुदत. नाही पटलं, तर लामारानं गुरुवारच्या विमानानं परत जायचं आणि आपण याची बायको आहोत हे फोटो-बिटो जोडून पहिल्यापासून सिद्ध करायचं. त्याला वर्ष जातं म्हणे. विब्रनला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वयात वर्षं अशी वाटेवर पडलेली नसतात.

पस्तीस वर्षं त्यानं कालव्यावरचा पूल उचलायची नोकरी केली होती. पूल वर गेला की खोळंबलेल्यांना थापा ऐकवायच्या, आणि थाप रंगात आली की बोट निघून गेली तरी पूल खाली आणायचा नाही, अशी त्याची ख्याती. आज खोळंबलेला तो स्वतः होता.

त्यानं सुरुवात सासऱ्यांपासून केली. शाल्वा, वय ब्याण्णव. तिकडे मेजवानीत घरचा वडीलधारा वाइननं भरलेलं शिंग उचलून आधी चार शब्द बोलतो, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत पाहुण्यानं उठायचं नसतं. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी. शाल्वा म्हणाले, जाणाऱ्यांसाठी दोनच शब्द. शिंग उचललं. आधी देवाचं नाव घेतलं, मग पूर्वजांची, एकेकाची, घोड्यांसकट. नाताळापर्यंत खापरपणजोबांशी पोचले. टेबलावर बर्फ पडलं, ते झटकून पुढे चालू. मार्चमध्ये चिमणीनं शिंगावर घरटं बांधलं. पिल्लं उडेपर्यंत म्हाताऱ्यानं हात हलवला नाही. टॅक्सीवाल्यानं कंटाळून त्याच गावात लग्न केलं. अखेर शिंग खाली आलं, तेव्हा लामाराच्या पर्समध्ये कार्ड बसल्या जागी संपलेलं होतं.

लामारा शेजारी बसून छताकडे पाहत होती.

तेरा महिने कुणीच जागचं उठलं नाही का, असं आफ्केबाईंनी विचारलं. विब्रन म्हणाला, एकाच कामाला सवलत होती. संडासला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे रोज आत जात होतात. मग समोरच्या भिंतीवर तारीख दिसली नाही?"

संडासात वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली नाही, असं घर या भागात शोधून सापडायचं नाही. तिच्यावर वार नसतो, साल नसतं. नुसती तारीख आणि नाव. एकदा नाव चढलं की माणूस गेला तरी त्याचा वाढदिवस येतच राहतो.

"तिकडे ती पद्धत नाही," विब्रन हळूच म्हणाला.

"थापाड्या," लामारा म्हणाली. "बाई, यानं ती इथून बॅगेत घालून नेली. माझ्या बापाच्या संडासात स्वतः खिळा ठोकला. बाप मला विचारतो, जावयाला आत बसून वाचायला लागतं का?"

मग तिनं सगळंच सांगितलं. बापाचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. राहिलो, कारण करमत होतं. द्राक्षं झाली, बर्फ झालं, बहिणीला नात झाली. कार्डाचं म्हणाल, तर पाच वर्षांपूर्वी ते हातात पडलं तेव्हा, कागदपत्रं मी बघतो, तू काळजी करू नकोस, असं म्हणून विब्रननं ते संपायची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली. नऊ एप्रिल, लामाराचं कार्ड. साल लिहायला तिथे जागाच नाही. पुढच्या नऊ एप्रिलला दोघांनी ते वाचलं आणि वाढदिवस समजून केक आणला. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारी आले, इथल्या रिवाजानं माणशी एकच तुकडा खाऊन गेले. यंदा माहेरचं अख्खं गाव. विब्रननं इथल्यासारख्या खुर्च्या गोल मांडल्या आणि एकेकाला तिचा हात हातात घेऊन कार्डाबद्दल अभिनंदन करायला शिकवलं. बापानं शिंग उचलून कार्डाला शंभर वर्षांचं आयुष्य मागितलं.

"आणि ते त्याच दिवशी गेलं," लामारा म्हणाली. तिला हसू आवरेना. डोळे पुसायला तिनं विब्रनचाच रुमाल ओढून घेतला.

विब्रनचे कान लाल झाले होते. हा गाढवपणा झाकायला त्यानं बिचाऱ्या सासऱ्याला हिवाळाभर शिंग धरून ताटकळवलं होतं.

आफ्केबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आमच्याकडे मेलेल्या मांजराला अजून दर जूनमध्ये मासा आणतात," त्या म्हणाल्या. कारणाच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, दिनदर्शिका, आणि शिक्का उचलला.

एवढ्यावर थांबला असता तर तो विब्रन कसला?

"यंदाचा केक मीच कापला, बाई," तो म्हणाला. "सत्तर माणसं होती. दर माणशी दोन-दोन तुकडे दिले."

लामारानं त्याला टेबलाखालून पाय मारला. शिक्का हवेतच राहिला होता. आफ्केबाईंनी चष्म्यावरून त्याला नीट पाहून घेतलं.

"काका, मीही इथलीच आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का हाणला. "आपला माणूस पाहुण्याला केकचा दुसरा तुकडा देतो, हे मात्र साफ खोटं."