चारशे अंकांचा तक्ता

बाबांनी एकतीस वर्षं कॉमिक्सची चित्रं काढली, पण अंकावर सही असायची ती स्टुडिओच्या मालकाची. एके दिवशी टीव्हीवर मालकांची मुलाखत लागली होती. बाबांचा विषय निघाला तसे ते हसून म्हणाले, "तो होय? तो माझ्याकडे पेन्सिलींना टोक करून द्यायचा."

बाबांनी टीव्ही बंद केला. शेजारी बसलेल्या लेकीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवड्याभरात त्या कॉमिक्सच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, "आपली विकी, अंकांच्या माहितीची वेबसाइट, कोलमडलीय. चारशे अंकांची पानं आहेत, पण एकावरही माहितीचा तक्ता दिसत नाही. कुणाला दुरुस्त करता येईल का?"

लेक प्रोग्रॅमर होती. तिने बाबांच्या कपाटातल्या, तारखा घातलेल्या कच्च्या चित्रांचे फोटो विकी चालवणाऱ्याला पाठवले आणि मग फोन लावला.

"तक्ता दुरुस्त करून देते. पण त्यात थोडा बदल करीन म्हणते."

त्याने एकेक फोटो मोठा करून तारखा पाहिल्या. मग म्हणाला, "ताई, बिनधास्त करा."

तक्ता एका जागी बदलला की चारशेच्या चारशे पानांवर बदलायचा. 'चित्रं' या शब्दापुढे तिने बाबांचं नाव घातलं. मालकांचं नाव तिने पुसलं नाही.


त्यांच्यासाठी खाली एक नवा रकाना उघडला: 'फक्त सही'.