उजवीकडची सीट

करार झाल्यापासून लाओसचे ट्रक माल न उतरवता थेट थायलंडात जातात. बुनलिअन मात्र आता रोज उशिरा पोचतो.

"काका, ट्रक हाकता की म्हैस?" मालकाने फोनवर विचारलं. "नाक्यावर कोणी अडवत नाही, रस्ता चांगला आहे. आजही उशीर झाला तर उद्या गाडी दुसऱ्याला देईन."

"बरं," बुनलिअन म्हणाला.

मेकाँगवरचा पूल उतरला की थायलंडात वाहतूक डावीकडून चालते, आणि लाओसच्या गाडीचं स्टिअरिंगही डावीकडेच. पुढच्याला ओलांडताना समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसत नाही, शेजारी बसलेल्याला दिसतं.

उदोन शहराच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर रांगत होता. बुनलिअनने गाडी जराशी बाहेर काढली आणि सवयीने विचारलं, "फेट, बघ गं, येतंय का काही?"

उजवीकडच्या सीटवर चिकट भाताची टोपली होती. बायकोला अग्नी दिल्यापासून तो ती तिथेच ठेवतो.

त्याने गाडी पुन्हा उसामागे घेतली.