खोडलेला प्रश्न

"आ कर," डॉक्टर म्हणाल्या, आणि मुलीच्या आधी आईचंच तोंड उघडलं. घास भरवताना उघडतं तसं. तिने ते लगेच मिटलं आणि ओठांवर रुमाल धरला.

नऊ वर्षांची बबडी दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवी झाली होती. आई शेजारच्या स्टुलावर, हातात चार घड्यांची चिठ्ठी. आई शिवणकाम करायची. माप घेताना टाचण्या ओठांत धरायची तिला वीस वर्षांची सवय. तोंडात टाचण्या असल्या की गिऱ्हाईक फार बोलायला लावत नाही, हसवायला तर जातच नाही. देवाने तिला गळा गोड दिला होता. पण ती गायची ती मशीन घरघरत असताना, भिंतीकडे तोंड करून.

चिठ्ठीत दहा प्रश्न होते. तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

"तारा लावल्या की दुखतं का?"

"चार-पाच दिवस ठणकतं. मग सवय होते."

"किती दिवस ठेवाव्या लागतात?"

"साधारण दीड-दोन वर्षं."

"शाळेत चिडवतील का?"

"त्यावर माझ्याकडे औषध नाही, ताई."

असे नऊ झाले. दहाव्या प्रश्नावर निळ्या पेनाने दोनदा रेघ मारलेली होती. तो तिने वाचला नाही.

डॉक्टरांनी तोंडातला आरसा बाहेर काढून ठेवला. "हिला सध्या काहीच करायचं नाहीये."

"अहो, पण पुढच्या दोन दातांत ही एवढी फट?"

"वरचे सुळे अजून हिरडीत आहेत. ते खाली उतरताना या दातांना जवळ सारतील. फट बहुतेक आपली आपण मिटेल. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा."

आईच्या जिवावरचं ओझं उतरलं, पण निम्मंच. ती खुर्चीपासून दूर खिडकीशी गेली, डॉक्टरांनाही तिकडे बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मग ही हसताना तोंड का झाकते हो? वर्षभर बघतेय. हसू आलं की हात तोंडावर. फोटोत ओठ घट्ट. कुणीतरी बोललंय हिला. ते एकदा मनात बसलं की निघत नाही, मला ठाऊक आहे." तिने रुमाल ओठांवर आणखी घट्ट धरला. "रोज देवापुढे एकच मागते. माझं झालं ते झालं, हिच्या वाट्याला नको."

डॉक्टरांनी कपाटातला प्लास्टरचा जबडा उचलला, बबडीपुढे नेला आणि बदकासारखा टकाटक वाजवला. बबडी खुदकन हसली. तिचा हात तोंडावर गेला.

"बबडे, दातांवरून कुणी चिडवतं का गं तुला?"

"नाही."

"खरं सांग. मी आईला सांगणार नाही."

"आई इथेच उभी आहे की, डॉक्टरकाकू."

"बरं बाई. मग हात का गेला तोंडावर?"

बबडीने हाताकडे पाहिलं. पायांत चप्पल का घातलीस, असं कुणी विचारावं, तसा तिचा चेहरा झाला.

"हसताना असाच धरतात ना? आई धरते."

आईने हातातल्या रुमालाकडे पाहिलं. मग हळूहळू तिला सगळं हलकं वाटत गेलं. लेकराला कुणी बोललं नव्हतं. कुठलीही जखम नव्हती. सुई ओवायला शिकली, काज करायला शिकली, तशीच ती हेही आईचं बघून शिकली होती. देवाची करणी बघा, वर्षभर जे मागत होती ते त्याने कधीच देऊन ठेवलं होतं. फक्त तिने रुमाल बाजूला करायचा राहिला होता.

तिने तो पिशवीत टाकला. चिठ्ठी पुन्हा उघडली.

"डॉक्टर, एक प्रश्न राहिलाय." रेघांखालची अक्षरं तिला वाचावी लागली नाहीत, पाठच होती. "चाळिशी उलटलेल्या बाईला तारा लावता येतात का हो?"

"येतात की. हिरड्या धड असल्या म्हणजे झालं. बघू या?"

आई जागची हलली नाही. तिचा हात सवयीने वर निघाला. बबडीने खुर्चीतून उडी मारली आणि तो हात अर्ध्या वाटेत धरला. ओढत आणून तिने आईला खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर चढली.

"आई, आ कर," ती म्हणाली, आणि आईच्या आधी तिचंच तोंड उघडलं.